जांभळ्या उजेडाची पेटी

उसाच्या पट्ट्यात रिवाइंडिंगच्या दुकानाला कधी मंदी नसते. रात्रीची लाइट, त्यात व्होल्टेज कमी. विहिरीवरची मोटर घुमते, तापते आणि जळते. सकाळी ती मोटरसायकलच्या मागं बांधून दुकानात येते. वारणानगरला खेटून असलेल्या कोडोलीतल्या अशाच एका दुकानात गेल्या वैशाखात मी एक पेटी घेऊन गेलो. हातभर लांब, वरून काळं लेदराइड, पुढं पितळी कड्या. मुंबईच्या चोरबाजारातून आणलेली. मेस्त्री तेव्हा पाच हॉर्सपॉवरच्या एका मोटरची जळकी तार छिन्नीनं काढत होते. पेटीकडं बघून त्यांनी विचारलं, "दागिन्याची काय, सर?"

पेटी उघडली तेव्हा मात्र छिन्नी खाली ठेवली गेली. आत जांभळ्या मखमलीच्या खाचांमध्ये काचेच्या चित्रविचित्र नळ्या निजलेल्या होत्या. एक अळंबीसारखी, एक चमच्यासारखी, एक चक्क काचेची फणी. शेजारी काळ्या एबोनाइटची जाडजूड मूठ, आणि सुती वीण असलेली वायर. त्या वायरीतलं रबर बोटानं दाबलं तर खारीच्या तुकड्यासारखं चुरत होतं.

"औषधाचं यंत्र आहे," मी म्हणालो. "विजेवरचं. शंभरेक वर्षांपूर्वीचं."

"म्हणजे शॉक द्यायचं?"

"उलट. शॉक बसत नाही म्हणूनच ते खपलं."

मेस्त्रींनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी वर्गात अनेकदा पाहिलेली आहे.

या पेट्यांना अमेरिकेत 'व्हायोलेट रे' म्हणत, म्हणजे जांभळा किरण. पहिल्या महायुद्धाच्या आसपासपासून पुढची वीसेक वर्षं त्या अमेरिकेत, इंग्लंडात, जर्मनीत घरोघरी विकल्या गेल्या. घरात नवीनच वीज आलेली, दिव्याव्यतिरिक्त तिचं करायचं काय हे लोकांना अजून नीट ठरवता आलेलं नव्हतं, अशा काळातलं हे उपकरण. मूठ हातात धरायची, तिच्या तोंडाला काचेची नळी बसवायची, बटण फिरवायचं. पेटी गुणगुणायला लागते, नळी जांभळी उजळते, आणि ती अंगाजवळ नेली की काच नि कातडी यांच्यामध्ये बारीक ठिणग्यांचा पाऊस पडतो. सोबत मिळणाऱ्या पुस्तिकांमध्ये रोगांची यादी असे, आणि त्या यादीत काय नाही हे शोधणं सोपं पडे: टक्कल, कोंडा, संधिवात, निद्रानाश, दमा, बद्धकोष्ठ.

मेस्त्रींना रोगांत रस नव्हता. त्यांनी चार स्क्रू काढले, तळाची फळी उचलली आणि आत डोकावून म्हणाले, "ही तर राजदूतची इग्निशन."

हे ऐकून मला जो आनंद झाला तो पाठ्यपुस्तकातलं पान सापडूनही झाला नसता, कारण ते अगदी बरोबर होतं. जुन्या मोटरसायकलीत पॉइंट असायचे, कंडेन्सर असायचा, कॉइल असायची. पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटायचा, नि प्लगवर ठिणगी पडायची. इथंही तोच संसार आहे. लोखंडी गाभ्यावर जाड तारेचं वेटोळं, त्याच्यासमोर लवचीक पट्टी, पट्टीवर धातूचे दोन टिकल्यांएवढे पॉइंट. प्रवाह सुरू झाला की गाभा चुंबक होतो, पट्टीला ओढतो, पॉइंट सुटतात, प्रवाह तुटतो. चुंबकपण जातं, पट्टी मागं येते, पॉइंट पुन्हा चिकटतात. शाळेतली विजेची घंटा अशीच वाजते. म्हणूनच ही पेटी एसी आणि डीसी दोन्ही विजेवर चालते, कारण प्रवाह तोडण्या-जोडण्याचं काम ती स्वतःच करते. गावोगावच्या वीज कंपन्या तेव्हा वेगवेगळ्या तऱ्हेची वीज पुरवत, त्या दुनियेत ही मोठीच सोय होती.

पण राजदूतची गोष्ट प्लगपाशी संपते. या पेटीची तिथून सुरू होते.

पॉइंट सुटताना कॉइलमधला प्रवाह एकदम थांबायला तयार नसतो. वेगात निघालेली बैलगाडी ओढ्यात अडली की मागचा माल पुढं येऊन आदळावा, तसा व्होल्टेजचा दणका बसतो. हा दणका कंडेन्सरमध्ये साठतो, आणि पॉइंटच्या फटीतून ठिणगी उडाली की कंडेन्सर एका दुसऱ्याच वेटोळ्यातून मोकळा होतो. हे वेटोळं मुठीच्या आत आहे: जाड तारेचे मोजके फेरे. मोकळं होताना वीज एकदाच वाहून थांबत नाही. झोपाळा सोडल्यावर मागं-पुढं होत राहतो तशी ती कंडेन्सर आणि वेटोळं यांच्यात हेलकावते, सेकंदाला लाखो वेळा. प्रत्येक ठिणगीत असे थोडेसे हेलकावे, मग विराम, मग पुढची ठिणगी. कानाला ऐकू येणारी गुणगुण पट्टीची. खरं कंपन कानाच्या फार पलीकडचं.

त्या जाड वेटोळ्याला वेढून, किंवा त्याच्या आत, केसाएवढ्या तारेचे शेकडो फेरे असतात. दोन्ही वेटोळ्यांचा हेलकाव्याचा ताल जुळला की लहान धक्क्यांनीही मोठा झोका चढतो. याला अनुनाद म्हणतात. टोकाला निघणारं व्होल्टेज हजारोंच्या घरात, मोठ्या यंत्रांत लाखाच्याही पुढं जातं. लोखंडाचा गाभा नसलेली ही कॉइल निकोला टेस्लाची. २० मे १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात त्यानं विद्युत अभियंत्यांपुढं जे व्याख्यान दिलं, त्यात तारेशिवाय हातातल्या काचनळ्या उजळून दाखवल्या होत्या. मखमलीतली माझी अळंबी म्हणजे त्या रात्रीचीच वंशज.

आता दुरुस्ती. लेबलवर ११० व्होल्ट एवढं वाचता येत होतं, आपल्याकडं २३०. मेस्त्रींनी सरळ जोडायला नकार दिला (दुकानात चाळीस वर्षं काढलेला माणूस कुठलीच अनोळखी वस्तू सरळ जोडत नाही) आणि सिरीज बोर्ड काढला. सिरीज बोर्ड म्हणजे गरिबाचा डॉक्टर: शंभर वॅटचा बल्ब आणि तपासायची वस्तू एकाच वाटेवर. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, तार तुटली असेल तर पेटतच नाही. आमचा बल्ब लख्ख पेटला.

दोषी निघाला तो कंडेन्सर. मेण लावलेला कागद नि कथलाचा पातळ पत्रा यांची वडीसारखी दाबलेली चळत. मेणाला शतकभरात दमटपणा लागला होता. "पंख्याचा टाकू या," मेस्त्री म्हणाले. छताच्या पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर कुठंही मिळतो. पण तो चालत नाही, आणि का चालत नाही हे सांगताना मलाच दोनदा अडखळायला झालं. एक तर त्याची धारणा इथं फार जास्त. वीज साठवायची टाकी मोठी झाली की हेलकाव्याचा ताल संथ होतो आणि मुठीतल्या कॉइलशी जुळत नाही. दुसरं म्हणजे पंख्याच्या कंडेन्सरला पन्नास हर्ट्झच्या शांत चढउताराची सवय. इथं प्रत्येक ठिणगीला क्षणभर मोठा लोंढा बाहेर पडतो, आणि असले धक्के सोसण्यासाठी बनवलेलाच फिल्म कंडेन्सर लागतो. तो कोल्हापूरला मिळाला. जुनी मेणाची वडी मी टाकली नाही. तिच्या डबीत नवा कंडेन्सर बसवला, वडी वेगळ्या पुडीत बांधून पेटीतच ठेवली. जुन्या वस्तूत आपण काय बदललं हे पुढच्या माणसाला कळलं पाहिजे.

पॉइंट काळे पडले होते. पॉलिश पेपरनं घासून, फट ठेवताना मेस्त्रींनी पोस्टकार्डाचा तुकडा मधे घातला. गाडीचे पॉइंट ते असेच लावायचे. वायर नवी, तीन पिनांची. राहिली मूठ. तिच्यातली बारीक तार शाबूत होती, मीटरवर लागत होती, पण मेणात ओल असेल तर हजारो व्होल्ट त्या ओलीतून वाट काढतात, वाटेवर कोळशाची रेघ उमटते, आणि एकदा ती रेघ पडली की मूठ गेली. मी वैशाखाचं ऊन सुचवलं. "पत्र्यावर ठेवली तर मेणच वितळंल की," मेस्त्री म्हणाले, आणि रिवाइंड केलेली मोटर जशी वाळवतात तशी त्यांनी मूठ एका लाकडी खोक्यात चाळीस वॅटच्या बल्बशेजारी निजवली. चार दिवस.

या चार दिवसांत मी एका प्रश्नाचं उत्तर जुळवत बसलो होतो, जो मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी विचारला होता. हजारो व्होल्ट अंगाला लागूनही शॉक का बसत नाही?

याचं एक उत्तर सगळीकडं सांगितलं जातं आणि ते चुकीचं आहे. जलद कंपनांची वीज तारेच्या पृष्ठभागावरून वाहते, आत शिरत नाही. तसंच ती माणसाच्या कातडीवरूनच निघून जाते, असं म्हणतात. पहिला भाग खरा. सेकंदाला दहा लाख कंपनं असतील तर तांब्यात ती जेमतेम ०.०७ मिलिमीटर खोल जाते. पण माणूस तांब्याचा नाही. आपल्या अंगातलं खारं पाणी तांब्याच्या मानानं विजेला फारच वाईट वाहून नेतं, आणि वाहकता जितकी कमी तितकी वीज खोल शिरते. त्याच कंपनसंख्येला ही खोली अर्ध्या मीटरच्याही पुढं जाते. म्हणजे वीज आरपार जाते. फक्त आपल्याला कळत नाही.

कळत का नाही, हे पॅरिसमध्ये आर्सेन द'आर्सोनव्हाल या शरीरशास्त्रज्ञानं टेस्लाच्याच सुमारास, १८९० च्या आगेमागे, पद्धतशीर तपासलं. कंपनं सेकंदाला काही हजारांपर्यंत वाढवत नेली तर स्नायूंचं आखडणं वाढतं. त्यापुढं वाढवली तर कमी होत जातं, आणि दहा हजारांच्या पलीकडं जवळजवळ थांबतं. मज्जातंतूला चेतवायचं तर त्याच्या आवरणाच्या एका बाजूला भारित कण पुरेसे जमावे लागतात, त्याला थोडा वेळ लागतो. मोटेच्या बैलाची कासरी डावीकडं ओढली तर तो डावीकडं वळतो. पण कुणी ती क्षणात डावी, क्षणात उजवी अशी थरथरवत राहिलं तर बैल जागचा हलत नाही. कण वळायच्या आत ओढ उलटी होते. आपल्या घरातली पन्नास कंपनांची वीज नेमकी त्या पट्ट्यात पडते जिथं स्नायू नि हृदय सगळ्यात सहज फसतात. तिचं भय खरं आहे.

द'आर्सोनव्हालच्या प्रयोगांत जलद कंपनांची वीज माणसांच्या अंगातून जाऊन मधे धरलेला दिवा पेटवायची, आणि माणसांना जाणवायची ती फक्त ऊब. या उबेवर लक्ष ठेवा, ती पुढं परत येणार आहे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, कारखान्याचा भोंगा होऊन गेल्यावर, पेटी माझ्या घरी टेबलावर आली. मधे ट्रान्स्फॉर्मर, त्याच्याही आधी सिरीज बल्ब. खोलीतली लाइट घालवली. बटण फिरवलं. आधी काहीच नाही, मग मधमाशी डब्यात अडकावी तसा आवाज, आणि काचेच्या अळंबीत एक फिकट जांभळी सावली हलली. बटण आणखी फिरवलं तर सावलीचा उजेड झाला. बोट जवळ नेलं तर नळीतली जांभळी धार बोटाकडं वळली, आणि अर्ध्या सेंटिमीटरवरून ठिणग्या तडतडायला लागल्या. अंगावर मुंग्या, थोडी टोचणी, ऊब. शेजारच्या खोलीत लावलेल्या रेडिओवर आकाशवाणी सांगली बुडाली आणि नुसती खरखर राहिली. ठिणगी म्हणजे रेडिओलहरींचा कारखानाच असतो. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतींपलीकडची घंटा वाजवून दाखवली ती ठिणगीच्याच जोरावर. शेजाऱ्यांचा रेडिओ बिघडवणं हा या पेट्यांचा एकमेव हमखास परिणाम होता असं म्हणायला हरकत नाही.

आणि वास. वीज पडून गेल्यावर येतो तो, झेरॉक्सच्या दुकानात येतो तो. ठिणगीनं हवेतला ऑक्सिजन फोडला की त्याच्या तीन-तीन अणूंच्या जुळण्या होतात: ओझोन. शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८४० साली ग्रीक भाषेतल्या 'वास येणे' या क्रियापदावरून हे नाव दिलं. पुस्तिका त्या वासाला आरोग्याचा वास म्हणत. प्रत्यक्षात ओझोन फुप्फुसांना चरचरवतो, त्यामुळं मी खिडकी उघडली.

जांभळा रंगही फसवाच. त्या काळी प्रकाशानं रोग बरे करण्याला मोठा मान होता. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार करणाऱ्या डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला १९०३ चं नोबेल मिळालं होतं. लोकांनी जांभळ्या किरणाचं नातं तिथं जोडलं, विकणाऱ्यांनी जोडू दिलं. पण नळीत होती विरळ केलेली हवा किंवा आर्गॉन, आणि त्या वायूंतून वीज गेली की जांभळट उजेड पडतो एवढंच. निऑन भरला तर हीच नळी नारिंगी पेटते. फिन्सेनच्या कामाचे अतिनील किरण साध्या काचेतून फारसे बाहेर येतच नाहीत.

मावशी तेव्हा घरी आलेली होती. अंधारात उभी राहून तिनं सगळं बघितलं, नाक उडवलं, आणि म्हणाली, "गुडघ्याला लाव की रं जरा."

मी लावलं नाही. कारण सांगायला हवं, कारण नेटवर जुन्या पेट्या दुरुस्त करून अंगाला लावणारे हौशी पुष्कळ दिसतात. ठिणगीची वीज शॉक देत नसली तरी मागं घरातली वीज आहे, नि दोघींमध्ये शतकापूर्वीचं मेण आणि कापड. ते फाटलं तर मुठीतून येईल ती पन्नास कंपनांची. शिवाय एका जागी ठिणगी धरून ठेवली तर कातडी भाजते. पेसमेकर बसवलेल्या माणसानं तर अशा यंत्राच्या आसपासही जाऊ नये. आणि केसांना स्पिरिटवालं काही लावून काचेची फणी फिरवणं म्हणजे चूड घेऊन गंजीत शिरणं. मावशीला यातलं काही पटलं नाही. "तुझ्या हाताला लावलंस की."

मला ती चुकीची वाटत नाही. तिच्या जागी मीही मागितलं असतं. आवाज, रंग, वास, टोचणी, ऊब: रोग्याच्या पाचांपैकी चार इंद्रियांना एका वेळी सांगितलं जातं की काहीतरी होतंय. पांढऱ्या गोळीला हे जमत नाही. गुडघा आज दुखतो नि उद्या आपोआप थोडा हलका होतो, मधे पेटी लावली असेल तर श्रेय पेटीला. मापायचं कुणी नव्हतं, आणि विकणाऱ्याला मापण्यात रस नव्हता.

या पेटीच्या भक्तांमध्ये एक नाव असं आहे की ज्याच्यामागून आपल्याकडचा एक माणूस अचानक दारात येतो. एडगर केसी (१८७७–१९४५) हा अमेरिकेत 'झोपलेला भविष्यवेत्ता' म्हणून ओळखला जाई. डोळे मिटून, तंद्रीत जाऊन तो लोकांच्या रोगांवर उपाय सांगायचा. त्याची अशी चौदा हजारांवर सांगणी लिहून ठेवलेली आहेत. त्यांत जांभळ्या किरणाची पेटी पुन्हा पुन्हा येते. आणि पुन्हा पुन्हा येतं आणखी एक औषध: 'ॲटोमिडीन', आयोडीनवर आधारलेलं. ते तयार केलं होतं मुंबईत १८६७ साली जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांनी. हेच ते भिसे, ज्यांना 'भारताचे एडिसन' म्हणत, ज्यांच्या छपाईचे खिळे ओतायच्या 'भिसोटाइप' यंत्रासाठी दादाभाई नौरोजींनी इंग्लंडात खटपट केली, आणि जे १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. आयुष्यभर यंत्रांच्या चाकांमध्ये अचूक मापं जुळवणाऱ्या माणसाचं औषध एका तंद्रीतल्या वैद्याच्या चिठ्ठीत या पेटीच्या शेजारी बसलं. भिशांचं चरित्र सांगताना आपण छपाईच्या यंत्रापाशी थांबतो. मला हा शेजार जास्त बोलका वाटतो: त्या काळात प्रयोगशाळा आणि जडीबुटीचं दुकान यांच्यामध्ये भिंत अजून पुरती उभी राहिली नव्हती, आणि हुशार माणसंही दोन्हीकडं ये-जा करत.

आता ती ऊब. द'आर्सोनव्हालच्या माणसांना जाणवलेली. काही डॉक्टरांनी ठिणग्या, रंग, वास सगळं बाजूला सारून तेवढी ऊबच धरली. वीज आरपार जाते आणि जाताना आत तापवते, मग सांध्याच्या आतपर्यंत शेक पोचवता येईल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत नागेलश्मिट यानं याला डायथर्मी, म्हणजे आरपार ऊब, असं नाव दिलं. मावशी ज्याला 'शेक घ्यायला जाते' म्हणते ते हेच. फिजिओथेरपीवाल्यांची शॉर्टवेव्ह डायथर्मी सेकंदाला २७ दशलक्षांहून जास्त कंपनांवर चालते, गुडघ्याच्या दोन बाजूंना दोन गाद्या ठेवतात, आणि उजेड कुठंच पडत नाही.

तीच ऊब एका टोकावर गोळा केली तर काय होतं? वीज मोठ्या पत्र्यातून अंगात शिरली तर पसरते, सुईएवढ्या टोकातून बाहेर काढली तर त्या टोकापाशी सगळी दाटते आणि तिथली पेशी शिजते. रक्तवाहिनी कापताच बंद होते. विल्यम बोव्ही हा मुळात वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस. हार्वर्डमध्ये त्यानं असं यंत्र बनवलं, आणि १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलमध्ये हार्वी कुशिंग यानं ते वापरून डोक्यावरची एक गाठ काढली. काही दिवसांपूर्वी हीच शस्त्रक्रिया रक्त थांबेना म्हणून अर्धवट सोडावी लागली होती. आज तालुक्याच्या ठिकाणच्या ऑपरेशन थिएटरमध्येही हे यंत्र असतं. नर्स त्याला 'कॉटरी' म्हणतात. हातात पेनासारखी काडी, तिच्यावर पिवळं बटण कापायला, निळं रक्त थांबवायला, आणि रोग्याच्या मांडीखाली वीज परत जायची प्लेट. कंपनं सेकंदाला तीनेक लाखांच्या पुढं ठेवतात, आणि ती का, याचं उत्तर मोटेच्या बैलापाशी येऊन गेलं: कापताना स्नायू उडू नयेत.

माझ्या पेटीत प्लेट नाही. एकच तार अंगाला लागते, तरी वीज वाहते, कारण उभा माणूस आणि जमीन मिळून हवेचा एक लहानसा कंडेन्सरच होतो, आणि इतक्या जलद कंपनांना तेवढी वाट पुरते. पण अशी वाहणारी वीज किती, कुठून, कुठं, हे मोजता येत नाही. कॉटरीवाल्यांनी आधी ती वाट बांधली, मग आकडे ठेवले.

पेट्यांचा बाजार पुढं कायद्यानं उठवला. अमेरिकेत १९३८ च्या कायद्यानं उपचाराची उपकरणं अन्न व औषध खात्याच्या नजरेखाली आली, आणि १९५१ मध्ये इंडियाना राज्यातल्या एका कारखान्याच्या पेट्या खोट्या दाव्यांबद्दल जप्त झाल्यावर तिथलं हे प्रकरण जवळजवळ मिटलं. आपल्याकडं १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय कायदा आहे. मधुमेह, मोतीबिंदू, बहिरेपणा, कर्करोग असे ५४ रोग त्याच्या परिशिष्टात दिलेत. ते बरे करण्याची जाहिरात करायला बंदी. जुन्या पुस्तिकेतली अर्धी पानं त्या परिशिष्टावर आपटली असती. कायदा असूनही सकाळच्या टीव्हीवर काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे.

गंमत अशी की काचेच्या नळीचा विषय विज्ञानानं पुरता टाकलेला नाही. ठिणगी आणि कातडी यांच्यामध्ये काचेसारखा रोधक ठेवला की ती भाजण्याइतकी तापत नाही, पसरट, थंड राहते. अशा थंड प्लाझ्मानं बऱ्या न होणाऱ्या जखमांवरचे जंतू मारता येतील का, यावर जर्मनीत बरंच काम झालं आणि २०१३ मध्ये तिथल्या काही उपकरणांना वैद्यकीय वापराची मान्यताही मिळाली. त्यांत वायू, अंतर, वेळ सगळं ठरलेलं असतं. माझ्या फणीला त्या घराण्यात बसवायचं म्हटलं तर लांबची, बदनाम आत्या म्हणून बसवता येईल.

जवळची नातेवाईक गावातच निघाली. पेटी दुरुस्त झाल्याची बातमी मावशीनं पसरवली होती, त्यामुळं पार्लर चालवणाऱ्या शेजारच्या ताई एकदा बघायला आल्या. मखमलीतल्या नळ्या पाहून त्यांना जराही नवल वाटलं नाही. "ही तर हाय फ्रिक्वेन्सी," त्या म्हणाल्या. "फेशियल झाल्यावर फिरवतो ना आम्ही, पिंपल्सवर. फणी डोक्याला." त्यांच्याकडं ती पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात असते. नळ्या जांभळ्याही नि नारिंगीही. जांभळी तेलकट त्वचेला, नारिंगी कोरड्या त्वचेला, असं त्यांना शिकवलेलं. दोन्ही नळ्यांत फरक फक्त वायूचा आहे, मी सांगितलं. आणि मुरुमांवर उपयोगाचा पुरावा तोकडाच आहे. त्या हसल्या. "गिऱ्हाइकाला लाइट दिसली पाहिजे, सर."

दुसऱ्या दिवशी त्या आपली एक नळी रुमालात गुंडाळून घेऊन आल्या, नारिंगी. आम्ही ती शंभर वर्षांच्या मुठीत घालून पाहिली. किंचित सैल होती. मेस्त्रींनी दिलेल्या पत्र्याची पातळ पट्टी बुडाशी गुंडाळली, तेव्हा घट्ट बसली आणि पेटली.